खालच्या थरातलं पाणी

१६ जून १९८६, सोमवार

आज शाळा उघडली आणि मी घरात! प्रार्थनेची घंटा नाही, खडूची पूड नाही, ‘बाई, केळं पिवळं काढू का हिरवं?’ नाही. सकाळचा चहा बाल्कनीत बसून प्यायले – गरम. इतकी वर्षं मी शिक्षकांच्या खोलीत गार चहा पीत आले आणि तो तसाच असतो असं समजत होते.

सुटले! राजीनामा देताना वाटलं होतं रडू येईल. काही नाही आलं. उलट बसस्टॉपवर उभी राहून एकटीच हसत होते, बाजूची बाई सरकून उभी राहिली.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘उत्तराबाई, दिवाळीपर्यंत तुमची जागा भरत नाही. विचार बदलला तर या.’ चांगुलपणानेच म्हणाल्या. पण तेव्हापासून ती दिवाळी डोक्यावर बसली आहे. मधू म्हणतो, ‘कर तू. नोव्हेंबरचं प्रदर्शन होऊ दे. जमलं तर जमलं, नाहीतर शाळा आहेच.’ नवरा म्हणून याहून जास्त काय म्हणणार? पण ते ‘शाळा आहेच’ ऐकलं की मी उठून ब्रश धुवायला लागते.

म्हणजे सगळं त्या एका चित्रावर आलं. माझ्या मैत्रिणीने, शुभाने, गॅलरीत शब्द टाकून चौघांच्या प्रदर्शनात मला घुसवलंय. एक आख्खी भिंत माझी. भिंत मोठी, चित्रही मोठं, आणि ते तीन वर्षं पुरं होत नाहीये.


१९ जून

का होत नाही पुरं ते एकदा लिहूनच ठेवते, म्हणजे रोज स्वतःशी भांडायला नको.

मुलुंडला आलो तेव्हा आमच्या इमारतीच्या मागे तिवरं होती. त्यापलीकडे मिठागरं, त्यापलीकडे खाडी. मोठ्या भरतीला पाणी कंपाउंडच्या भिंतीला लागायचं. तिसऱ्या मजल्यावरून ते सगळं दिसायचं म्हणूनच तर ही जागा घेतली. त्र्याऐंशीत चित्र सुरू केलं – पाणी, तिवरं, चिखलातले बगळे. सहा महिने लागले. पुरं झालं म्हणून सही करायला ब्रश धुतला, तर मागे लॉऱ्या आलेल्या. तांबडी माती ओतत होते. आता खाली ओतलेली माती आणि भिंतीवर निळं पाणी – खोटं वाटायला लागलं. मग त्यावर मातीचा थर दिला. तोवर बाहेर तिवरं तोडली. मग त्यावर आणखी थर. मग पाडलेल्या घरांची रॅबिट आली, विटा, फरशीचे तुकडे. पुन्हा थर!

मी पुरं करते, बाहेर बदलतं. या शर्यतीत मी कायम मागे. आता म्हणे सपाटीकरण झालंय, पाया खणणार. म्हणजे बाहेरचं बदलायचं काही दिवस तरी थांबेल. शेवटचा एक थर – भरावाच्या पिवळ्या मुरुमाचा – आणि संपलं.


२३ जून

चित्र बाहेरच्या खोलीत, भिंतीलाच टांगून रंगवते. चित्राचा घोडा, म्हणजे ईझल, लावायला जागा कुठे आहे? दिवाण ढकलला की मी आणि चित्र मावतो. खिडकीशी सासूबाईंची खुर्ची. मिश्री लावून झाली की त्या तिथे बसतात, मांडीवर तांदळाचं सूप. बोटांनीच तांदूळ निवडतात, नजर बाहेर. मालवणहून आल्या तेव्हा चार दिवस राहायला म्हणून आल्या होत्या. खाडी बघितली आणि राहिल्याच.

कलाशाळेत मला कुणी शिकवलं नसेल एवढं या शिकवतात. आज म्हणाल्या, ‘पांढरा जास्त घाल गो. मळकाट दिसता.’

मी म्हटलं, ‘आई, मळकटच आहे तिथे. माती आहे ती.’

‘माती काय अशी मळकाट असता?’

पटलं नाही. पण पांढरा घातला थोडा. बरा दिसला, हे कबूल.


३ जुलै

रंग बसलाय. रॅबिटच्या करड्या थरात जागोजाग कोरडे, निस्तेज डाग पडलेत. खालच्या थराने वरचं तेल पिऊन टाकलं की असं होतं, घाबरायचं कारण नाही. आमचे सर घोकून घ्यायचे – खालचा थर पातळ, वरचा त्याहून तेलकट, आणि मधे धीर. रंग पेटीत मिळतो, धीर मिळत नाही, असंही म्हणायचे. धीर माझ्याकडे कधीच नव्हता.

आई चित्रापाशी नाक नेऊन म्हणाल्या, ‘सुकान गेला गो तुझा चित्र.’

म्हटलं, ‘हो आई. सुकायलाच हवं ते.’

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पोराला उपाशी ठेवते!


१० जुलै

झाला! शेवटचा थर दिला!! सकाळी मधू गेल्यापासून ते तो परत येईपर्यंत. जेवण उभ्याने, एका हाताने. पिवळा, त्यात थोडा तपकिरी, कडेला राख. ब्रश असा सुळसुळ जात होता की काय सांगू. कुठे अडत नाही, कुठे खरखर नाही. एवढ्या वर्षांनी हात बसला म्हणायचा शेवटी.

मधूने दारातूनच विचारलं, ‘झालं?’

‘झालं!’

त्याने चपला न काढता आत येऊन बघितलं आणि जाऊन जिलबी घेऊन आला. आईंनी तीन खाल्ल्या. मी मोजल्या नाहीत माझ्या.

एवढं हलकं कधी वाटलं होतं? आता फक्त वाळायचं. नोव्हेंबर कुठे, जुलै कुठे.


१८ जुलै

वाळलं नाही. पावसाळी हवा. जवसाच्या तेलाचं असंच.


२५ जुलै

अजून ओलं! मधूने सहज अंगठा लावला, तो पिवळा झाला, आणि तोच अंगठा ऑफिसच्या शर्टाला पुसला. त्यावरून सकाळी सकाळी वाजलं आमचं. टेबलफॅन आणून चित्रासमोर ठेवलाय. आम्ही तिघं घामाघूम, चित्राला वारा.


२ ऑगस्ट

शुभा आली होती. ही माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, तोंडाने फटकळ. चित्राला बोट लावलं, वास घेतला आणि म्हणाली, ‘वाट लागली यार. हे वाळत नाहीये, हे सरकतंय. बघ ना, इथे खाली ओघळ आलाय. काय घातलंस यात?’

‘नेहमीचंच. जवस आणि टर्पेंटाइन.’

‘मग ट्यूब जुनी असेल. नाहीतर तू पेंगत रंगवलंस.’

जाताना मात्र खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ‘गॅलरीवाल्यांना मी काही सांगत नाही. पण उत्तरा, ते ओलं चित्र नाही घेणार हं.’

ती गेल्यावर खूप वेळ दिवाणावर बसून राहिले. शाळेचा तो जिना आठवला. तिसऱ्या पायरीवर लाद्या उखडल्यात तो.


६ ऑगस्ट

कळलं! देवा, कळलं का वाळत नाही ते! लगेच लिहितेच.

भाजी घेऊन आले. दार नुसतं लोटलेलं. आत आई चित्रासमोर उभ्या. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात कापसाचा बोळा. आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे मी अजून करडंच ठेवलंय, तिथे बोळा फिरवतायत. हळूहळू, नातवाच्या टाळूला लावावं तसं.

खोबरेल!

माझ्या हातातली पिशवी पडली. ‘आई! काय करताय काय?’

त्या दचकल्या नाहीत. ‘सुकान गेलला, म्हणान वायच तेल लावतंय. पाटाक लावतंय, दाराक लावतंय, ह्याका लावलंय तर काय झाला?’

‘कधीपासून?’

‘तू बाजारात गेलंस काय लावतंय. तू लावतंस ता तेल उग्र वासाचा. ह्या चांगला आसा, घाण्यावरचा. गावसून इलला.’

आता सगळं समजलं. तो सुळसुळ जाणारा ब्रश! हात बसला म्हणे! खोबरेलावरून चालला होता तो. खोबरेल कधीच वाळत नाही, वर्ष गेलं तरी. त्यावर दिलेला थर धरणार कसा?

आणि मी ओरडले. खूप ओरडले. ‘माझी तीन वर्षं घालवलीत तुम्ही’ असंही म्हटलं. खालच्या मजल्यावरच्या जयाने दार उघडून वर बघितलं इतकं. आईंनी वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि आत गेल्या.

चित्र काढून उलटं करून ठेवलं, भिंतीकडे तोंड. बघवत नाही.


७ ऑगस्ट

आई बोलत नाहीत. मी बोलत नाही. मधू दोघींशी बोलतो आणि कुणी उत्तर देत नाही.

संध्याकाळी आई त्याला म्हणाल्या, ‘माका गावाक धाड.’

मधू माझ्याकडे आला. ‘ती जायचं म्हणतेय.’

‘मग मी काय करू?’

‘काही नको करूस. फक्त ऐकून ठेव, की तिने ते घाण्याचं तेल माझ्या डोक्याला कधी लावलं नाही. जपून ठेवलं होतं ना ते.’

चिडून उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि तिथे रडले. रागाने का कशाने, कळत नाही. माझं चित्र गेलं हे खरं. त्यांनी जिव्हाळ्याने केलं हेही खरं. ही दोन खरी एका खोलीत मावत नाहीयेत.


८ ऑगस्ट

आज जे झालं ते कसं लिहू?

मी भांडी लावत होते. आई बाहेरच्या खोलीत आल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा. खुर्ची ओढली, चित्रासमोर बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘आता बरा दिसता. साफ झाला. पुसलंस मा?’

मी दारात आले. चित्र उलटंच होतं. त्यांच्यासमोर नुसती पाठ – मांजरपाटाचं कोरं कापड, लाकडाची चौकट, मधे आडवी पट्टी.

पहिल्यांदा वाटलं, टोमणा मारतायत. मालवणी माणसाचा टोमणा असाच असतो, सरळ चेहऱ्याने. हसूच आलं मला. म्हटलं, भांडण मिटलं!

‘काय दिसतंय आई त्यात?’

‘माका काय समजता त्यातला! पांढरा पांढरा दिसता, ता बरा दिसता.’

टोमणा नव्हता तो. त्या खरंच बघत होत्या.

हसू तिथेच विरलं. जवळ गेले, गुडघ्यावर बसले, विचारलं, ‘आई, मी कुठली साडी नेसलेय?’

त्यांनी मग हात पुढे करून माझा पदर बोटांत धरला, चुरगळून बघितला. ‘सुती,’ म्हणाल्या.


९ ऑगस्ट

आता सगळं दिसतंय मला. बोटांनी निवडलेले तांदूळ. शुभा आली की ‘कोण गो ता?’ मधूला त्याच्या चपलेच्या आवाजावरून ओळखतात. आमटीत दोनदा मीठ पडलं तेव्हा मी म्हटलं, वय झालं. ‘पांढरा घाल, मळकाट दिसता’ – चित्र नव्हतं मळकट!

आणि मी त्यांच्या प्रत्येक शेऱ्यावर रंग बदलत होते. म्हणे माझी सगळ्यात प्रामाणिक समीक्षक. दिवसभर नुसतं बघण्याचा धंदा करते मी, आणि हातभर अंतरावरचं बघितलं नाही.

भीती वाटतेय. जयाच्या सासऱ्यांना काचबिंदू होता, गेलेली नजर परत आली नाही. चित्र गेलं तर गेलं. खरंच सांगते, आज चित्राचं काही वाटत नाहीये.


१२ ऑगस्ट

दिसेल! दिसेल! दिसेल!

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुरते पिकलेत. डॉक्टर मधूवर जरा डाफरले – ‘इतके दिवस काय करत होता?’ मधू शाळकरी मुलासारखा खाली मान घालून उभा. मीही. पण डॉक्टर म्हणाले, मागचा पडदा चांगला वाटतोय. उजवा आधी करू, दसरा झाला की. मग जाड भिंगांचा चष्मा, आणि स्वच्छ दिसेल. डावा पुढच्या वर्षी.

आईंनी एकच विचारलं. ‘चित्र दिसात मां?’

डॉक्टरांना कळेना कुठलं चित्र. त्यांना वाटलं सिनेमा. म्हणाले, ‘आजी, तीन तासांचा बघा!’

परतताना रिक्षात आई मधे, आम्ही दोघं दोन बाजूंना. म्हणाल्या, ‘माका वाटला ह्या वयात सगळ्यांकच असा दिसता.’ मग माझा हात शोधला आणि धरून बसल्या. घर येईपर्यंत सोडला नाही. माझी माफी मागायची राहिली होती, ती रिक्षाच्या आवाजात मागितली. त्या म्हणाल्या, ‘गप गो.’

किती दिवसांनी जेवणाला चव लागली!


१४ ऑगस्ट

चित्र सरळ केलं. पिवळा थर ओलाच. म्हटलं, फेकायचं तर आहेच, निदान कापड वाचवू. चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि कोपऱ्यातून पुसायला लागले.

साय निघावी तसा निघाला. न ओरखडता, न ओढता, आख्खाच्या आख्खा सरकून आला. आणि खाली करडा थर जसाच्या तसा, पक्का वाळलेला. तेलाच्या वर होतं ते आलं, तेलाच्या खालचं हललंसुद्धा नाही.

मग सुरी घेतली. का घेतली माहीत नाही. हात शिवशिवत होते. करड्यावर घासली. खाली तांबडी माती निघाली. आणखी घासली. मातीखाली तिवरांचा काळपट हिरवा. आणि मग एका जागी, पंजाएवढ्या तुकड्यात – पाणी! त्र्याऐंशीचं. मी विसरले होते मी ते इतकं निवांतपणे रंगवलं होतं. तळाशी थोडा गुलाबी आहे, संध्याकाळचा.

दिवाणावर धप्पकन बसले. तीन वर्षं मी समजत होते की आधीचं सगळं वाया गेलं. वाया कुठलं जातंय, आत होतं सगळं!


१५ ऑगस्ट

सुट्टी. मधू घरी. खालून झेंड्याची गाणी. दिवसभर पुसत होते, घासत होते. प्रत्येक ठिकाणी कुठे थांबायचं हेच काम. जरा जास्त घासलं की पाण्याचाही थर जातो आणि कापड उघडं पडतं – असं दोनदा झालं, जीव चरकला. कमी घासलं तर नुसता खरवडल्यासारखा डाग. पण मधेच एका क्षणी हाताला समजतं, इथेच.

काही पिवळा ठेवलाय. धुतलेल्या, तेल काढलेल्या जागेवर पुन्हा दिला, पातळ, वाळेल असा. भराव आहे तर भराव दिसायला हवा. पण त्यात फटी आहेत, आणि फटींतून खालचं बघतंय.

मधू म्हणाला, ‘हे आपल्या मागचं आहे.’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने न विचारता ओळखलं.

आई खुर्चीत होत्या. त्यांना सांगत गेले – आता इथे पाणी आलं, आता इथे बगळ्याचा पाय आला, नुसता पाय, वरचा बगळा मातीखाली. त्या हसल्या. ‘ऱ्हव दे तसोच,’ म्हणाल्या.


८ सप्टेंबर

काल गणपती. या वर्षी आई गावी गेल्या नाहीत, दिरांकडे निरोप धाडला. सकाळी मोदक त्यांनीच वळले, बोटांनी. माझ्याहून सुबक. मी आता त्याचं कौतुक करत नाही, वाईट वाटतं.


२७ सप्टेंबर

सही केली!

उजव्या कोपऱ्यात, करड्यावर, छोटी. वाळलं सुद्धा. बोट लावून बघितलं, मधूने लावून बघितलं, मग शुभाला बोलावून तिचंही लावलं. ती चित्रासमोर उभी राहिली आणि किती तरी वेळ काहीच बोलली नाही. शुभा! मग म्हणाली, ‘झकास. हरामखोर, कसं केलंस हे?’

म्हटलं, खोबरेल.

तिला वाटलं मी सांगायचं टाळतेय. आईच म्हणाल्या खुर्चीतून, ‘खरा सांगता ता. घाण्यावरचा.’ मग सगळी कथा सांगितली, तर हसून हसून तिला ठसका लागला.

आता एक समजतंय. मी बाहेरच्या बदलाच्या मागे धावत होते, त्याला गाठायला. गाठायचं नव्हतंच. आधीचं न पुसता नंतरचं मांडायचं होतं. एवढी साधी गोष्ट, आणि ती कळायला एका आंधळ्या बाईचं प्रेम लागलं. (हे वाक्य जरा नाटकी झालं. असू दे, कोण वाचतंय.)


१७ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं काल. व्यवस्थित. डोळ्यावर पट्टी, मान हलवायची नाही, खोकायचं नाही. आईंना मिश्री बंद केल्याचं सगळ्यात जास्त दुःख. डॉक्टर म्हणाले, ‘उत्तम.’ नुसतं ‘उत्तम’. त्या एका शब्दावर मी आणि मधू हॉस्पिटलच्या बाकावर एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसलो.


२४ ऑक्टोबर

घरी आणलं. काळा चष्मा. उजेड दिसतो म्हणतात, माणूस हलतो ते दिसतं, बाकी धुकं. खरा चष्मा जखम भरल्यावर, महिना-दीड महिन्याने.

‘आधी चित्र दाखय माका,’ हे आल्या आल्या.

‘चष्मा येऊ दे, आई.’


३ नोव्हेंबर

पाडवा. मुख्याध्यापिकांना फराळ द्यायला गेले आणि सांगून टाकलं – येणार नाही, जागा भरा. त्या म्हणाल्या, ‘वाटलंच होतं. तुमचा चेहराच सांगतोय.’ जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर अडखळले नाही. आनंदाने उडी मारली तिच्यावरून!

अजून प्रदर्शन व्हायचंय, कुणी ढुंकून बघेल न बघेल. पण भीती वाटत नाही. चित्र झालंय. बाकीचं नंतर.


२० नोव्हेंबर

चित्र नेलं गॅलरीत. जुन्या चादरीत गुंडाळून, टेम्पोत, मी मागे धरून बसले. निघताना आईंनी चादरीवरून हात फिरवला. ‘माका दिसाच्या आधीच चाललां.’

‘प्रदर्शन संपलं की येईल ना आई. तोवर चष्माही येतोय.’

‘येव दे, येव दे. काय घाय नाय.’


२५ नोव्हेंबर

काल उद्घाटन. लोक आले! माझ्या भिंतीसमोर थांबले. एक गृहस्थ अगदी जवळ जाऊन त्या फटीत डोकावत होते. दाराच्या फटीतून शेजाऱ्याकडे बघावं तसे. एक म्हातारे चित्रकार म्हणाले, ‘बाई, हे धाडस आहे.’ मला खोबरेल आठवलं, हसू दाबताना पंचाईत.

मधू नवा शर्ट घालून कोपऱ्यात उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘ते आमच्या मागचं आहे’ असं सांगत होता.


२९ नोव्हेंबर

विकलं गेलं!! ते चित्र! पहिल्यांदा कुणीतरी माझं चित्र विकत घेतलं – नातेवाईक नाही, ओळखीचं नाही. कुठलीशी कंपनी, नवं ऑफिस बांधलंय त्यांनी, स्वागताच्या दालनात लावणार. मी हो म्हणायच्या आतच शुभाने माझ्या वतीने हो म्हटलं. मी तिला मिठी मारली सगळ्यांसमोर. मधूने उगाचच चष्मा काढून पुसला.

गॅलरीवाले पुढच्या वर्षी आणखी चित्रं घेऊन या म्हणालेत. आता शाळेचं नाव नाही काढायचं कुणी. इतकी हलकी झालेय की घरी चालत जावंसं वाटलं. नवं कापड ताणायला घेतलं आजच.

आईंना सांगायचं राहिलं. जेवून झोपल्या होत्या. चष्मा आला की एकदमच सांगू.


६ डिसेंबर

चष्मा आला. त्या जाड भिंगांतून आईंचे डोळे केवढाले दिसतात. आधी मला बघितलं – ‘बारीक झालंस गो!’ मग मधूची पिकलेली कानशिलं. मग उठल्या, भिंतीला हात न लावता खिडकीपर्यंत गेल्या. आम्ही दोघं टाळ्या वाजवायचे बाकी.

वाकून खाली बघितलं.

‘पाणी खंय गेला?’

म्हटलं, भराव घातला ना आई. लॉऱ्या यायच्या, ऐकायचात तुम्ही.

‘ता ठावक आसा. माका वाटला कडे-कडेन घालतत. रोज पांढरा चकचकीत दिसायचा… म्हटलंय, भरती इली.’

मग भिंतीकडे वळल्या. ‘आणि तुझा चित्र खंय? त्यात आसा मां पाणी?’

विकलं, आई.